एकही भोक नसलेला गेम

आमच्या शेजारचा रत्नपाल एकतीस वर्षांचा आहे, बिनलग्नाचा आहे आणि दिवसभर अंधारात उभा राहून भोकं मोजतो. त्याच्यासाठी मुलगी सांगून येणाऱ्या पाहुण्यांना मी हे असंच सांगतो. त्यांचे चेहरे पडले की सावकाश पुढचं सांगतो. पुढचं ऐकण्याआधी दोघेतिघे चहा अर्धा ठेवून उठले आहेत, त्याचं पाप माझ्याकडे.

पुढचं असं. आमच्या उरणच्या बाजूला रिकाम्या कंटेनरांची यार्डं आहेत. माल कुठेतरी उतरतो आणि रिकामा डबा यार्डात परत येतो. तो धड आहे की फुटका, हे बघणारा माणूस म्हणजे सर्व्हेयर. रत्नपाल सर्व्हेयर आहे. कंटेनरच्या आत जायचं, बाहेरून दारं लावून घ्यायची आणि डोळे काळोखाला सरावेपर्यंत गप उभं राहायचं. पत्र्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिथून उजेड आत येतो. उजेड दिसला की खडूने गोल करायचा आणि कागदावर लिहायचं. लिहिलं की डबा दुरुस्तीला, आणि डबा आणणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या डोक्याला ताप. म्हणून ड्रायव्हर लोक आधीच गोड बोलतात. "साहेब, ओके लिवा ना, येवडुसा तर हाय." रत्नपाल त्यांच्या हातचा चहासुद्धा घेत नाही. घरून नेतो. यार्डात त्याचं नाव रत्नपाल कुणाला ठाऊक नाही, सगळे त्याला थर्मास म्हणतात.

हे त्याच्या बापाचं. भिकू गुरुजी मला सातवीला होते. पेपर तपासायच्या आठवड्यात ते कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. आमच्याकडून त्यांच्या घरी रोज ताक जायचं, आणि तरी त्यांनी मला गणितात नापास केलं! निकालाच्या दुसऱ्या दिवशी आईने मुद्दाम तांब्या भरून ताक पाठवलं, म्हणाली, बघू तरी घेतात का. घेतलं. पेपर संपले होते. आणि तांब्या परत आला तो आत गुळाचा खडा घालून. आमच्या दोन घरांची ही रीतच आहे, भिंतीपलीकडून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. चिमूटभर साखर, दोन पापड, काहीच नसलं तर कढीपत्त्याची डहाळी. गुरुजी गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांची बायको तुळसावहिनी रीत पाळते, माझी शकू पाळते. कुणाचं किती गेलं नि किती आलं, हे दोघींनाही सांगता येणार नाही.

आता गेमचं. रत्नपाल यार्डातून आला की कॉम्प्युटरवर गेम खेळतो, आणि खेळून झाला की तो कसा आहे ते यूट्यूबवर मराठीत सांगतो. चॅनेलचं नाव 'दार लावून'. बाकीचे लोक गेमला तारे देतात, दहापैकी गुण देतात. हा भोकं सांगतो. "मंडळी, आतून उजेड दिसला. चार भोकं." पुढे जायला पैसे भरायला लावतो, हे एक भोक. शेवट घाईत गुंडाळला, हे दुसरं. चाळीस हजार माणसं हे ऐकतात. नाक्यावरचा विनेश, मोबाइल आणि गेमचं दुकान आहे त्याचं, तो तर काचेवर फळा लावून भोकं खडूने लिहितो. पनवेल-पेणवरून पोरं फोन करून विचारतात, रत्नपालभाऊंचा आकडा आला का? सुरुवातीच्या व्हिडिओंत मागे जी घरघर येते ती माझ्या पिठाच्या गिरणीची आहे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आता तो रविवारी भिंतीवरून डोकं काढतो. "सदाकाका, अर्धा तास." मी पट्टा काढतो. लोक दळण घेऊन ताटकळतात आणि चाळीस हजारांसाठी चार बायका मला शिव्या घालतात.

त्याची एकच अडचण. कंपन्या नवीन गेम बाजारात यायच्या आधीच मोठमोठ्या चॅनेलवाल्यांना फुकट पाठवतात. त्यांचे व्हिडिओ पहिल्या दिवशी सकाळी येतात. कुणाला हॉटेलात बोलावतात, कुणाला विमानाने नेतात. रत्नपाल स्वतः विकत घेतो, शेवटापर्यंत खेळतो, आणि पंधरा दिवसांनी शिळी बातमी सांगायला बसतो.

मी म्हटलं, "अरे, देतात तर घे की. सगळे घेतात."

"काका, ज्याच्या ट्रकवरून डबा आला त्याच्याच शेजारी बसून मी रिपोर्ट लिहू काय?"

"ते मोठे चॅनेलवाले सगळे चोर, आणि तू एकटा साव?"

"न्हाय हो. त्यातले कितीतरी फुकट घेऊनसुद्धा खरं बोलतात. त्यांना जमतं. माझं मला माहीत हाय. कुणी शहाळं दिलं ना, की मला तो माणूस चांगला वाटायला लागतो."

"मग मी तुला काय कमी शहाळी दिलीत?"

"तुम्ही गेम बनवत न्हाय, हे बरं हाय."

गेल्या फेब्रुवारीत, मंगळवारी, हा यार्डात असताना कुरियरवाला आला. तुळसावहिनी मासे घ्यायला केसर कोळणीच्या दारी गेलेली. म्हणजे सही माझी. खोका एवढा मोठा, की वाटलं बायकोच पाठवली कुणी पार्सलने. मी फक्त कोपरा उघडला. कोपऱ्यातून नीट दिसेना म्हणून दुसरा कोपरा उघडला. आत कानाला लावायचं भारीतलं यंत्र, टीशर्ट, एक लाकडी होडी हातभर लांब, आणि एक कार्ड. मुंबईच्या कुठल्यातरी नवीन कंपनीचा गेम होता. बेटावर अडकलेली एक बाई, तिने होडी बांधून घरी यायचं, असा. महिन्याने बाजारात येणार होता, आणि कार्डावरचा नंबर टाकला की आजच खेळता येणार होता. खाली सही रश्मी नावाच्या बाईंची.

रत्नपाल संध्याकाळी आला, खोका बघितला, मग मला बघितलं. "सही कुणी केली?"

"कुरियरवाला घाईत होता."

"आणि उघडला?"

"तो आपोआप..."

त्याने तिथेच ओट्यावर बसून त्या बाईंना फोन लावला. मी गिरणीतलं पीठ झाडत होतो, म्हणजे कान तिकडेच होता. बाई गोड होत्या. लबाड गोड नव्हे, खरंच साध्या. "सर, आमची काहीच अट नाही हो. आमच्यातले चौघे तुमचे व्हिडिओ बघतात. वाटलं, तुम्ही वेळेवर खेळावं."

"मॅडम, खेळणार. विकत घेऊन. हे मी उद्या परत पाठवतो, राग मानू नका."

"जशी तुमची इच्छा, सर."

त्याने कार्डावरचा नंबर खरवडलासुद्धा नाही. खोका चिकटपट्टीने बंद केला आणि आईला सांगितलं, उद्या अकराला माणूस येईल, त्याच्याकडे दे. मला सांगितलं नाही. इथे तो चुकला असं मी म्हणणार होतो, पण राहू दे.

दुसऱ्या दिवशी दहाला तुळसावहिनीची हाक. "सदाभावजी, जरा येता का?" जाऊन बघतो तर तिने चिकटपट्टी उसवलेली, आणि शेजारी परातीत अर्धा किलो सुका जवला पिशवीत बांधून ठेवलेला, कडव्या वालांची पुरचुंडी, आमसुलं.

"हे काय, वहिनी?"

"पोरगा म्हणतो परत पाठव. त्यांचं त्यांना परत, आणि आपल्या घरातून काहीच न्हाय? मास्तरांच्या घरातून खोका तसाच गेला तर काय म्हणतील ती माणसं?"

"अगं, पण तो रिकामा कुठाय? त्यांचंच सामान भरलंय त्यात."

"त्यांचं हाय ना? मग आपलं काय गेलं त्यात?"

याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर सांगा.

"आणि दोन ओळी लिहा," ती म्हणाली. "तुमचं अक्षर बरं हाय. नुसता जवला बघून घाबरतील."

आता मला कागद आणि पेन दिलं की काय होतं हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. लग्नाच्या याद्या, पत्रिका, मानपानाची पत्रं मीच लिहितो. हात तिकडेच वळला. मुलगी सासरी पाठवताना लिहितात तसं लिहिलं, म्हटलं, मुंबईची माणसं वाचून हसतील. "आपली प्रेमाची भेट पावली. आमचा रत्नपाल गुणी आहे, सांभाळून घ्यावे. तो आपल्या शब्दाबाहेर नाही. गोड मानून घ्यावे." खाली लिहिलं, 'समस्त घरची मंडळी'. वहिनीला वाचून दाखवलं. तिला फार आवडलं. म्हणाली, मास्तर असते तर त्यांनीही असंच लिहिलं असतं. गुरुजींनी त्यातला प्रत्येक शब्द लाल शाईने खोडला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

अकराला माणूस आला. खोका गेला.

चार दिवसांनी विनेश मोटरसायकल तशीच चालू ठेवून गिरणीत शिरला. "सदाकाका, हे बघा काय!" मोबाइलवर फोटो. त्या कंपनीचं ऑफिस, सात-आठ पोरंपोरी, एकाच्या हातात जवल्याची पिशवी, दुसरी वाल दाखवतेय, आणि मधोमध रश्मीबाई माझी चिठ्ठी छातीशी धरून हसतायत. खाली लिहिलं होतं, 'दार लावून'च्या घरून आलेलं प्रेम. अक्षर स्पष्ट वाचता येत होतं. माझं अक्षर बरं आहे.

"शब्दाबाहेर न्हाय म्हणजे?" विनेशने विचारलं. "रत्नपालभाऊने पैसे घेतले?"

"अरे, ते मानपानाचं..."

"गेम तर अजून आलापण न्हाय बाजारात!"

त्याचा फोन टुणटुण वाजतच होता. रत्नपालला यार्डात कळलं. त्याने रश्मीबाईंना सांगितलं, बाईंनी दहा मिनिटांत फोटो काढून टाकला आणि माफी मागितली. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं होतं की छान गोष्ट घडली आहे. पण दहा मिनिटांत तो फोटो पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत पोचला होता. संध्याकाळी रत्नपाल घरी आला तेव्हा मी भिंतीशी उभाच होतो, चार वाक्यं तयार करून. त्याने आईला एवढंच विचारलं, "आये, जवला किती होता?"

"अर्धाच किलो रे. जास्त पाठवायला हवा होता काय?"

महिन्याने गेम आला. त्याने पहिल्याच दिवशी विकत घेतला, पावती चॅनेलवर दाखवली. खाली पहिलं उत्तर आलं, 'पावती पण कंपनीनेच दिली का?' बारा दिवस तो खेळला. यार्डातून आला की खोलीत. जेवण खोलीत. मी भिंतीवरून दोनदा विचारलं, "किती रे?" हाताने थांबा म्हणाला.

तेराव्या दिवशी रविवार. दुपारी तो गिरणीत येऊन ज्वारीच्या पोत्यावर बसला. डोळे तांबडे.

"काका, भोक सापडत न्हाय."

"म्हणजे?"

"सगळीकडे बघितलं. दोन वेळा पुरा केला. मुद्दाम चुकीचं खेळलो. ती बाई होडी पाण्यात कधी ढकलते ते भरतीवर हाय. मला वाटलं, इथे नक्की चुकले असतील. मुंबईचे लोक, त्यांना काय भरती? मग गेममधला चंद्र बघून तिथी काढली आणि बाबांचं गणित लावलं, तिथीचा पाऊणपट."

हे आम्हाला गुरुजींनी शिकवलेलं. तिथीच्या आकड्याचा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. मी ज्यात नापास झालो तेच गणित.

"आणि?"

"अष्टमीचा चंद्र, बरोबर सहाला भरती. महिनाभर प्रत्येक दिवस तपासला. एक दिवस चुकला न्हाय." तो हसला, पण हसण्यासारखं काही नव्हतं. "सात वर्षांत एकाही गेमला शून्य दिलं न्हाय मी. वाट बघत होतो असा गेम कधी येतो याची. आणि आला तो हा."

मी बाहेर बघितलं, कुणी गिऱ्हाईक नाही. आवाज खाली घेतला. "एक भोक सांग ना. एकच. म्हण, गाणं बरं नाही. तुझं काय जातंय? लोक म्हणतील, बघा, घरून जवला पाठवूनसुद्धा भोक काढलंच. सुटशील."

"गाणं चांगलं हाय."

"अरे, असू दे चांगलं!"

"काका, डबा धड असताना मी भोक लिहू?"

"मग सांगूच नकोस काही. हा गेम सोडून दे."

"तर म्हणतील, तोंड लपवलं." तो उठला, ढुंगणावरचं पीठ झटकलं. "त्यांनी काय वाईट केलं न्हाय, आयेने काय वाईट केलं न्हाय. मी कुणावर रागावू तेच कळत न्हाय." माझं नाव त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. "पट्टा काढा. अर्धा तास."

मी पट्टा काढला आणि भिंतीला कान लावला. त्याने सगळं सांगितलं. खोका आला, कुणी घेतला, का परत पाठवला, आईने त्यात काय घातलं आणि का घातलं. आमच्याकडे भांडं रिकामं जात नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. "चिठ्ठी शेजाऱ्यांनी गमतीने लिहिली," एवढंच म्हणाला. मग गेमबद्दल वीस मिनिटं बोलला. इतकं चांगलं तो आजवर बोललेला मी ऐकलेला नाही, पडलेल्या पोराला उचलून घ्यावं तसा तो त्या बाईच्या होडीबद्दल बोलत होता. आणि शेवटी म्हणाला, "मंडळी, दार लावून बघितलं. उजेड दिसला न्हाय. शून्य."

वीस मिनिटांतलं कुणी काही ऐकलं नाही. व्हिडिओतला जवल्याचा तुकडा तेवढा कापून फिरला, आणि जवला कुणी कुणाला दिला तेही फिरता फिरता उलटं झालं. एकाने त्याच्या फोटोवर मिश्या म्हणून जवला चिकटवला. कुणी विचारलं, शून्य भोकांना अर्धा किलो, तर एक किलोत काय मिळतं? पेणचा एक जुना ऐकणारा, जो दर वेळी 'भाऊ, खरं बोललात' लिहायचा, त्याने काहीच लिहिलं नाही. रत्नपालने तेवढंच मला दाखवलं.

मी विनेशच्या दुकानात गेलो. फळ्यावर खडूने शून्य होतं आणि खाली बारीक अक्षरात, 'जवल्यासह'.

"पूस ते," मी म्हटलं.

"सदाकाका, गंमत हो! तुम्हीच तर करता."

"गेम चांगला आहे, विनेश. खरंच आहे."

"असंल. पण मी गिऱ्हाइकाला काय सांगू? ते मलाच विचारतात, तुला किती मिळाला जवला म्हणून."

दोन आठवड्यांनी कंपनीची जाहिरात आली. समुद्र, होडी, आणि वर मोठ्या अक्षरात 'शून्य भोकं! – दार लावून'. रत्नपालने लिहून कळवलं, माझं नाव काढा. रश्मीबाईंनी प्रयत्न केला असावा, पण उत्तर त्यांच्या वरच्या कुणाचं आलं, भाषाही वेगळी. आपण जाहीरपणे व्यक्त केलेलं मत आम्ही तसंच उद्धृत केलं आहे, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. ते पत्र त्याने मला वाचायला दिलं. मी दोनदा वाचलं. त्यात खोडण्यासारखं एकही वाक्य नव्हतं.

मे महिन्यात त्याने दुसऱ्या कंपनीच्या गेमला अकरा भोकं काढली. खरोखरच रद्दी गेम होता, मलासुद्धा कळलं. खाली पहिलं उत्तर होतं, 'यांच्याकडून खोका आला नाही वाटतं.' त्याने ते वाचलं, कॉम्प्युटर बंद केला आणि थर्मास भरून यार्डात गेला. तिथे बरं असतं, दारं लावली की आत एकटाच. पण परवा तिथेही एक ड्रायव्हर म्हणाला म्हणे, "साहेब, चहा न्हाय घेत, ठीक हाय, जवला आणू काय?"

आणि आता कालचं. शकूने बोंबलाचं कालवण केलं होतं, स्टीलचा डबा भरून भिंतीवरून दिला. तुळसावहिनीने घेतला. आज सकाळी डबा परत आला. रत्नपालने स्वतः आणून दिला, धुतलेला, पुसलेला. शकूने सवयीने झाकण काढलं, आत बघितलं, डबा तिरपा करून परत बघितलं.

"अरे, वाटेत सांडलं काय?"

"न्हाय काकी," तो म्हणाला. "कालवण छान होतं. पण आता आमच्याकडून काय पाठवायचं न्हाय. तुम्ही पण पाठवू नका."

"आमचा गेम थोडाच आहे रे?" मी म्हटलं. नेहमीसारखं हसायला म्हणून.

"तसं न्हाय, काका. रिकामं भांडं तेवढं कुणाला उलटं वाचता येत न्हाय." मग त्याने थर्मास उचलला आणि गेला.

पलीकडे तुळसावहिनी दारात उभी होती. हातात कढीपत्त्याची डहाळी होती, ताजी तोडलेली. तिने ती आधी माझ्याकडे बघून पुढे केली, मग तो गेला त्या रस्त्याकडे बघितलं आणि पदराखाली घेतली. शकू डबा घेऊन आत गेली. मी गिरणीचा पट्टा चढवला. दळणाला कुणी आलेलं नव्हतं.